गाळात नेहमीइतकेच, पाण्यात मात्र विषारी: बंगालचे आर्सेनिक आणि धातूंची बदलती रूपे

भूजलयात्री (धागालेखक)

पश्चिम बंगाल आणि बांगलादेशातील भूजलात आर्सेनिक आहे, हे बहुतेकांनी कधी ना कधी वाचलेले असते. मात्र ते पाण्यात आले कसे, याविषयी मराठीत जे लिहिले जाते त्यात कारखान्यांचे सांडपाणी, कीटकनाशके आणि पाण्याचा अतिउपसा या तिन्हींची सरमिसळ झालेली आढळते. हे आर्सेनिक प्रामुख्याने निसर्गाचेच आहे आणि त्याची कथा समजली की नैसर्गिक पाण्यात धातू कसे वावरतात याचा मोठा भाग उलगडतो, म्हणून हा धागा काढत आहे. (आर्सेनिक हे काटेकोर अर्थाने धातू नसून धातुसदृश मूलद्रव्य आहे; येथे सोयीसाठी धातूंच्या रांगेत बसवले आहे.)

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. तळ्यांचे आणि ओढ्यांचे पाणी पिऊन होणारी पटकी व हगवण थांबावी यासाठी १९७० च्या दशकापासून युनिसेफ आणि तेथील शासनांनी उथळ कूपनलिका व हातपंप यांचा मोठ्या प्रमाणावर प्रसार केला. जंतूंच्या दृष्टीने हे पाणी खरोखरच चांगले होते. १९८३ च्या सुमारास कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी तळहात-तळपायांवरील घट्टे आणि छातीपाठीवरील ठिपके यांचा संबंध कूपनलिकांतील आर्सेनिकशी जोडला. बांगलादेशात ते १९९३ मध्ये आढळले. पुढे तेथील जनस्वास्थ्य अभियांत्रिकी विभाग आणि ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षण यांनी मिळून ३,५३४ विहिरी तपासल्या आणि त्याचा अहवाल २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. १५० मीटरपेक्षा उथळ विहिरींपैकी २७ टक्के विहिरींत लिटरमागे ५० मायक्रोग्रॅम या बांगलादेशी मर्यादेहून अधिक आर्सेनिक होते. जागतिक आरोग्य संघटनेची १० मायक्रोग्रॅमची मर्यादा लावली तर हे प्रमाण ४६ टक्क्यांवर जात होते. त्याहून खोल विहिरींपैकी मात्र सुमारे एकच टक्का ५० च्या वर होत्या.

आता मुख्य मुद्दा. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळात आर्सेनिक विशेष आहे असे मुळीच नाही. किलोमागे काही मिलिग्रॅम, म्हणजे जगातल्या कोणत्याही सामान्य गाळात असते तितकेच. मग विष एवढे कसे झाले? जमिनीखालच्या वाळूची सच्छिद्रता साधारण ३० टक्के धरली, तर प्रत्येक लिटर पाण्याच्या वाट्याला सहा किलोंहून थोडी अधिक वाळू येते. त्या वाळूने किलोमागे एका मिलिग्रॅमचा जेमतेम साठावा भाग जरी सोडला, तरी पाण्यात लिटरमागे १०० मायक्रोग्रॅम आर्सेनिक उतरते. म्हणजे साठा किती आहे यापेक्षा तो कशाला चिकटून बसला आहे आणि ती पकड केव्हा सुटते, हे पाहावे लागते.

हिमालयातून झिजून येणाऱ्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा, बोलीभाषेत गंजाचा, पातळ लेप असतो आणि आर्सेनिक त्या लेपाला चिकटलेले असते. नदीने आणलेला हा गाळ दलदलीतल्या कुजक्या वनस्पतींसह गाडला जातो. जमिनीखालचे जिवाणू हे सेंद्रिय द्रव्य खातात आणि त्यासाठी त्यांना इलेक्ट्रॉन स्वीकारणारे काहीतरी लागते. सर्वांत आधी ते पाण्यातला ऑक्सिजन वापरतात. तो संपला की नायट्रेट, मग मँगनीजची ऑक्साइडे, मग लोहाची ऑक्साइडे आणि त्यानंतर सल्फेट. हा क्रम ऊर्जेच्या हिशेबाने ठरतो आणि साधारणपणे सगळीकडे तोच असतो. लोहाची पाळी आली की न विरघळणारे तीन-संयुजी लोह विरघळणाऱ्या दोन-संयुजी लोहात बदलते, लेप विरतो आणि त्यावर बसलेले आर्सेनिक पाण्यात उतरते. या प्रक्रियेला लोह-ऑक्साइडांचे क्षपणजन्य विद्रावण म्हणतात. १९९८ च्या सुमारास हे स्पष्टीकरण ठामपणे मांडले गेले आणि आज बंगालपुरते तरी ते बहुतांशी मान्य आहे. जिवाणूंना खाद्य पुरवणारा कार्बन कोठला, म्हणजे गाडल्या गेलेल्या दलदलीच्या थरांतला की वरच्या तळ्यांतून झिरपणारा, यावर मात्र संशोधकांत बराच वाद झालेला आहे आणि बहुधा ठिकाणपरत्वे उत्तर बदलते.

नदियानिवासी

लेख आवडला. मी नोकरीनिमित्त पश्चिम बंगालमधील नदिया जिल्ह्यात राहतो. येथे अनेकांच्या तोंडी वेगळे स्पष्टीकरण असते, ते असे की उन्हाळी बोरो भातासाठी प्रचंड उपसा झाला, पाण्याची पातळी खाली गेली, मोकळ्या झालेल्या थरांत हवा शिरली आणि तेथील पायराइट गंजून त्यातले आर्सेनिक सुटले. हे चूक आहे का? कारण तसे असेल तर दोष उपशाचा ठरतो आणि उपायही वेगळा ठरतो.

भूजलयात्री

हे स्पष्टीकरण सुरुवातीच्या काळात काही अभ्यासकांनीच मांडले होते, त्यामुळे ते लोकांत रुजले यात नवल नाही. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते अशक्यही नाही, पण बंगालचे पाणी त्याच्या बाजूने साक्ष देत नाही. पायराइट म्हणजे लोह आणि गंधक. त्याचे ऑक्सिडीभवन झाले तर पाण्यात सल्फेट वाढायला हवे आणि पाणी आम्लधर्मी होण्याकडे झुकायला हवे. प्रत्यक्षात आर्सेनिक जास्त असलेल्या विहिरींत सल्फेट नगण्य असते, आणि विरघळलेले लोह, बायकार्बोनेट व अमोनियम भरपूर असते. ही सगळी ऑक्सिजन संपल्याची लक्षणे आहेत. शिवाय हवा शिरून आर्सेनिक सुटत असते तर पाण्याच्या पातळीला लागून असलेल्या थरात ते सर्वाधिक असायला हवे होते. ते तसे नसून पुष्कळ ठिकाणी १५ ते ५० मीटर खोलीच्या पट्ट्यात जास्त आढळते.

सल्फेट कमी असण्याचा आणखी एक परिणाम होतो. सल्फेट पुरेसे असते तर जिवाणूंनी पुढच्या पायरीवर त्याचे सल्फाइड केले असते आणि त्या सल्फाइडाने लोहाबरोबर थोडे आर्सेनिकही पुन्हा घन रूपात ओढून घेतले असते. बंगालच्या पाण्यात ही परतीची वाट जवळजवळ बंद आहे.

उपशाचा संबंध अजिबात नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. उपशामुळे भूजलाच्या वाहण्याच्या वाटा बदलतात, वरचे कार्बनयुक्त पाणी खाली ओढले जाते आणि दूषित पट्ट्यातले पाणी शेजारच्या चांगल्या पट्ट्यात सरकू शकते.

पायराइट गंजल्यामुळे पाणी नासण्याचे खरे उदाहरण हवे असेल तर मेघालयातील जैंतिया टेकड्यांकडे पाहावे. तेथील कोळशात गंधक अधिक आहे, आणि उंदीरबिळांसारख्या खाणींतून बाहेर पडणाऱ्या आम्ल पाण्याने ओढ्यांचा सामू (पीएच) इतका घसरला की कित्येक ठिकाणी मासे उरले नाहीत. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ मध्ये अशा खाणकामावर बंदी घातली, ती मुख्यतः सुरक्षितता आणि याच प्रदूषणामुळे. तेथे हवा आत जाते म्हणून धातू सुटतात, बंगालमध्ये हवा पोहोचत नाही म्हणून आर्सेनिक सुटते.

कातळकर

सिंधुदुर्गात जांभ्या कातळावर राहणाऱ्यांना यातला अर्धा भाग घरीच पाहायला मिळतो. आमच्याकडे कित्येक विंधनविहिरींचे पाणी पंपातून येते तेव्हा काचेसारखे स्वच्छ असते, आणि बादलीत ठेवले की काही वेळाने पिवळट होऊन तळाशी तांबूस साका बसतो. पाणी ‘नंतर खराब झाले’ असा समज होतो, पण लोह आधीपासूनच त्यात होते. विरघळलेले असल्यामुळे दिसत नव्हते, हवा लागली तेव्हा दिसू लागले. किती वेळात दिसू लागेल हे सामूवर ठरते. सामू एका एककाने वाढला की या ऑक्सिडीभवनाचा वेग सुमारे शंभरपट वाढतो. त्यामुळे सामू सातच्या वर असेल तर पाणी बघता बघता पिवळे होते, आणि जांभ्यातले काहीसे आम्लधर्मी पाणी मात्र बराच काळ फसवे स्वच्छ राहते.

जाता जाता एक गोष्ट. पाणथळ जागी, शेताच्या बांधाखाली झिरपणाऱ्या पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसतो आणि लोक कुठून तरी डिझेल सांडले असे समजतात. काडीने तो तवंग हलवून पाहावा. तेल असेल तर फाटलेला तवंग पुन्हा जुळून येतो. लोहाचा आणि लोहजिवाणूंचा पापुद्रा असेल तर त्याचे काचेसारखे तुकडे होतात आणि ते तसेच वेगळे राहतात.

माझा प्रश्न असा की बंगालमध्येही लोह आहेच. मग पाणी रात्रभर उघडे ठेवले, लोहाचा साका खाली बसू दिला आणि वरची निवळ घेतली, तर त्याबरोबर आर्सेनिकही खाली जाणार नाही का?

सामूसात

कातळकर यांच्या प्रश्नाला उत्तर देतो. माझे काम पाण्याच्या रासायनिक तपासणीचे आहे.

निवळ घेण्याची कल्पना तत्त्वतः बरोबर आहे आणि बांगलादेशात ती खरोखर आजमावली गेली. काही विहिरींत आर्सेनिक निम्म्याहूनही कमी झाले, काहींत जवळपास काहीच फरक पडला नाही. दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे भूजलातले आर्सेनिक बहुधा तीन-संयुजी, म्हणजे आर्सेनाइट रूपात असते. सामू नऊच्या खाली असताना त्याच्या रेणूवर विद्युतभार नसतो, त्यामुळे पाच-संयुजी आर्सेनेट गंजाला जितके घट्ट धरते तितके ते धरत नाही. त्याचे आर्सेनेट व्हायला नुसती हवा पुरत नाही. ती प्रक्रिया दिवसांच्या, कधी आठवड्यांच्या गतीने चालते. लोहाचे ऑक्सिडीभवन होत असताना थोडे आर्सेनाइट त्याच्याबरोबर बदलून जाते, पण सगळे नाही. दुसरे कारण फॉस्फेट. रचनेने ते आर्सेनेटचे जुळे भावंड म्हणावे असे आहे आणि गंजावरच्या त्याच जागा ते आधी अडवते. सिलिकाही थोड्याफार प्रमाणात तेच करते. म्हणून लोह भरपूर आणि फॉस्फेट कमी असेल तेथे निवळ उपयोगी पडते, अन्यथा तिच्यावर विसंबणे धोक्याचे आहे. उकळण्याचा तर काहीच उपयोग नाही, कारण वाफ निघून जाते आणि आर्सेनिक मागे अधिक संहत होते.

याच ज्ञानावर आधारलेली गाळणी मात्र चालते. अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठातील बांगलादेशी वंशाचे रसायनशास्त्रज्ञ अबुल हुस्साम यांनी तयार केलेल्या सोनो गाळणीत वाळू, कोळसा आणि विशिष्ट प्रक्रिया केलेल्या लोखंडाचा थर असतो. लोखंड सतत गंजत राहून आर्सेनिकला नवनव्या जागा पुरवते. या गाळणीला २००७ चे ग्रेन्जर पारितोषिक मिळाले.

आता नमुन्याविषयी, कारण येथे सर्वाधिक घोळ होतो. अशा विहिरीचे पाणी साध्या बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठवले तर वाटेतच लोहाचा साका बसतो आणि तो आर्सेनिक बरोबर नेतो. प्रयोगशाळेने वरचे स्वच्छ पाणी तपासले की अहवालात आर्सेनिक कमी दिसते, आणि यंत्र कितीही भारी असले तरी हा दोष भरून निघत नाही. योग्य रीत अशी की विहीर थोडा वेळ चालवून नळीतले साचलेले पाणी जाऊ द्यावे, विरघळलेला भाग हवा असेल तर ०.४५ मायक्रोमीटरच्या गाळणीतून जागेवरच गाळावे आणि लगेच शुद्ध नायट्रिक आम्लाचे थेंब घालून सामू दोनच्या खाली आणावा. एकूण प्रमाण हवे असेल तर न गाळता आम्ल घालावे. दोन्ही नमुने घेतले तर उत्तमच, कारण त्यांच्यातील फरक हा कणांवर स्वार असलेला धातू असतो. सामू आणि विरघळलेला ऑक्सिजन यांची मोजणी विहिरीजवळच करावी. बाटलीत ते टिकत नाहीत. आर्सेनाइट आणि आर्सेनेट वेगवेगळे मोजायचे असतील तर जागेवरच ऋण आयन धरून ठेवणाऱ्या राळेच्या नळकांड्यातून पाणी सोडतात. आर्सेनेट अडकते आणि भार नसलेले आर्सेनाइट पार निघून जाते.

ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९९२ मध्ये बांगलादेशातील भूजलावर एक अहवाल दिला होता. त्यात अनेक मूलद्रव्ये मोजली होती, आर्सेनिक मात्र मोजले नव्हते. त्यावरून ब्रिटनमध्ये खटला झाला आणि २००६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने सर्वेक्षणाच्या बाजूने निर्णय दिला. पाणी पिणाऱ्या लोकांप्रती त्या संस्थेचे कायदेशीर दायित्व नव्हते, असे ठरले. कायदा काहीही म्हणो, कोणते घटक तपासायचे ती यादी भूगर्भ पाहून ठरवायला हवी, छापील तक्ता पाहून नव्हे, असे माझे मत आहे.

वैनगंगाकाठ

महाराष्ट्राच्या सीमेला लागून आर्सेनिकचे एक वेगळे उदाहरण आहे, ते येथे नोंदवणे उपयुक्त ठरेल. गडचिरोलीच्या शेजारी, छत्तीसगडमधील अंबागड चौकी परिसरात कौरीकसा गावाच्या पाण्यात आर्सेनिक असल्याचे १९९९ मध्ये जाहीर झाले. तेथे त्रिभुज प्रदेश नाही, दलदल नाही. आर्सेनिक प्राचीन ज्वालामुखीय आणि ग्रॅनाइटी खडकांतून येते. बंगालचा नियम जसाच्या तसा तेथे लावता येत नाही.

आपल्याकडे चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत फ्लोराइडचा प्रश्न अधिक गंभीर आहे, आणि त्याचे रसायन आर्सेनिकपेक्षा पूर्ण वेगळे आहे. फ्लोराइडला ऑक्सिजन आहे की नाही याच्याशी देणेघेणे नसते. त्याची गाठ कॅल्शियमशी आहे. पाण्यात कॅल्शियम पुरेसे असेल तर कॅल्शियम फ्लोराइडच्या विद्राव्यतेमुळे फ्लोराइडला वरची मर्यादा पडते. मात्र खडकांतून दीर्घकाळ झिरपताना पाण्यातले कॅल्शियम चिकणमातीवरच्या सोडियमशी अदलाबदल होऊन किंवा चुन्याच्या रूपात बाहेर पडून कमी झाले की ही मर्यादा उठते. म्हणून पाणी ‘मऊ’ लागते, साबणाला छान फेस येतो आणि लोक त्या विहिरीला पसंती देतात, पण फ्लोराइड नेमके तेथेच जास्त असू शकते. नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेल्या नलगोंडा पद्धतीत तुरटी आणि चुना घालून फ्लोराइड साक्यात ओढले जाते; मात्रा चुकली तर पाण्यात ॲल्युमिनियम शिल्लक राहते, ही तिची मर्यादा.

खाडीकिनारा

रूप बदलण्याचे सर्वांत भयंकर उदाहरण जपानमधील मिनामाता नव्हे का? कारखान्याने अकार्बनी पारा समुद्रात सोडला, खाडीतल्या जिवाणूंनी त्याचा मिथिल पारा केला आणि तो माशांतून माणसांत गेला.

सामूसात

मिनामाताची कथा अशी अनेक पुस्तकांत येते, पण तेथील मिथिल पाऱ्याचा मुख्य भाग कारखान्यातच तयार झाला होता. ॲसिटाल्डिहाइड बनवताना पाऱ्याचे क्षार उत्प्रेरक म्हणून वापरत आणि त्या प्रक्रियेतच मिथिल पारा उपपदार्थ म्हणून निर्माण होऊन सांडपाण्यातून थेट खाडीत जात असे. तेथील पाराविषबाधेच्या रोगाची अधिकृत नोंद १९५६ ची. शासनाने कारखान्याचे सांडपाणी हेच कारण असल्याचे मान्य केले ते १९६८ मध्ये.

तुम्ही सांगितलेली जिवाणूंची प्रक्रिया मात्र खरी आहे आणि जगभरच्या तळ्यांत, दलदलींत, धरणांच्या जलाशयांत चालते. ती करणारे मुख्यतः सल्फेट आणि लोह वापरणारे जिवाणू असतात, म्हणजे धागालेखकांनी सांगितलेला ऑक्सिजनपासून सल्फेटपर्यंतचा क्रम शिडी मानली, तर तिच्या खालच्या पायऱ्यांवरचेच. नवे धरण भरते तेव्हा बुडालेली झाडेझुडपे आणि माती कुजून तळाचा ऑक्सिजन संपतो आणि पुढची काही वर्षे तेथील माशांत पारा वाढतो. कॅनडातल्या जलाशयांत हे नीट मोजलेले आहे.

नदियानिवासी

मग माझ्यासारख्याने काय करावे? आमच्या वसाहतीसाठी नवी खोल कूपनलिका घ्यायचे चालले आहे. येथील जुने मिस्त्री सांगतात की वाळू करडी लागली तर थांबायचे नाही, तांबूस-पिवळी लागेपर्यंत खाली जायचे. ही नुसती समजूत आहे की त्यामागे काही आहे? आणि याच पाण्यावर पिकणाऱ्या भाताचे काय?

भूजलयात्री

मिस्त्र्यांचे म्हणणे भक्कम आहे. करडा रंग म्हणजे लोहाचे क्षपण होऊन गेले आहे आणि लेप बराचसा विरला आहे. तांबूस-पिवळा रंग म्हणजे गंज अजून शाबूत आहे आणि आर्सेनिकला धरून आहे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वीच्या हिमयुगात समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटर खाली होता, नद्यांनी खोल दऱ्या कोरल्या आणि मधला उंचवटा उघड्यावर राहून चांगलाच गंजला. तांबूस वाळू प्रामुख्याने त्या काळची आणि त्याआधीची आहे, तर करडी वाळू त्यानंतर भरलेली आहे. म्हणूनच शेजारशेजारच्या दोन विहिरींत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. बांगलादेशातील मतलब भागात वाळूच्या रंगावरून विहिरीची खोली ठरवण्याची ही पद्धत संशोधकांनी मिस्त्र्यांबरोबर तपासली आणि ती बरीच खरी उतरली.

दोन सावधगिरी सांगतो. शिडीवर मँगनीजची पायरी लोहाच्या आधी येते, त्यामुळे तांबूस वाळूतल्या पाण्यात आर्सेनिक बांधलेले असताना मँगनीज मात्र सुटलेले असू शकते. आर्सेनिकचा अहवाल चांगला आला म्हणून थांबू नका, मँगनीजही तपासून घ्या. दुसरी गोष्ट बांधकामाची. नळीभोवतीची पोकळी चिकणमातीने किंवा सिमेंटने नीट भरली नाही, तर वरच्या करड्या थरातले पाणी नळीच्या बाहेरून खाली उतरते आणि खोल विहिरीचा अर्थच उरत नाही. तसेच हा खोल थर पिण्यासाठी राखून ठेवावा. त्यावर सिंचनाचे मोठे पंप बसले तर वरचे पाणी आज ना उद्या खाली ओढले जाईल.

भाताच्या बाबतीत खाचरात तुंबलेले पाणी हीच प्रक्रिया वितभर मातीत घडवते. ऑक्सिजन संपतो, लोह विरते, आर्सेनाइट सुटते आणि भाताची मुळे सिलिकासाठी असलेल्या वाटेने ते आत घेतात. खाचर मधूनमधून सुकू दिले तर आर्सेनिक कमी होते, पण त्याच वेळी मातीतले कॅडमियम अधिक सुटते, म्हणून जेथे कॅडमियम आहे तेथे हा उपाय जपून करावा लागतो. घरी करता येण्याजोगे एवढेच की भात भरपूर पाण्यात शिजवून पेज काढून टाकावी, आणि ते शिजवायचे पाणी आर्सेनिकचे नसावे. तसे असेल तर उलट तांदूळच ते शोषून घेतो. नव्या कूपनलिकेचे पाणी यायला लागले की पहिल्या अहवालावर समाधान न मानता वर्षभराने आर्सेनिक, मँगनीज, लोह आणि क्लोराइड पुन्हा तपासून घ्यावे. क्लोराइड अचानक वाढलेले दिसले तर वरचे पाणी आत शिरते आहे अशी शंका घेऊन आधी नळीची भरण तपासावी.